गुरुजींचा पाऊस का थांबला?



मागच्या अंकात आपण फाईल आणि फोल्डर यांच्याशी गट्टी केली. फाईल म्हणजे वही आणि फोल्डर म्हणजे वह्या ठेवायची पेटी, हे तुम्ही विसरला नसालच. आज त्या पेटीला लागणाऱ्या कुलपाची गोष्ट सांगतो. गोष्ट खरी आहे आणि फजिती माझी स्वतःची आहे, तेव्हा पोट धरून हसायला माझी हरकत नाही. पण गोष्टीच्या मधोमध एक जागा अशी आहे, की तिथे मला अजून हसू येत नाही. ती जागा आली की तुम्हाला कळेलच.

आमची शाळा पोंभुर्णा तालुक्यातल्या एका लहानशा गावात आहे. सगळीकडे धानाच्या बांध्या. पाऊस वेळेवर आला तर पऱ्हे तरारतात, रोवणी होते. पावसाने डोळे वटारले की सारा गाव आभाळाकडे बघत बसतो. म्हणून गेल्या पावसाळ्यात मुलांनी ठरवले, की आपल्या गावचा पाऊस आपणच मोजायचा!

पाऊस मोजायला फार मोठे यंत्र लागत नाही. सरळ उभ्या बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. तळ सपाट नसेल तर तेवढ्या भागात आधी पाणी भरायचे आणि तिथे शून्याची खूण करायची. बाहेरून मोजपट्टी चिकटवली, की झाले पर्जन्यमापक! भारतीय हवामान विभाग रोज सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस नोंदवतो. आम्हीही तीच वेळ धरली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आता तुम्हीच हिशेब करा. एक एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर. दहा मिलिमीटर पाऊस झाला, तर एका एकराच्या बांधीत जवळजवळ चाळीस हजार लिटर पाणी पडते! हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा माझेच डोळे विस्फारले.

मुले रोजचा आकडा आधी वहीत लिहीत. मग शाळेच्या लॅपटॉपवर ‘पाऊस’ नावाच्या एक्सेल फाईलमध्ये भरत. चंद्रपूरच्या माझ्या एका शिक्षक-मित्राने त्याला पुढची जोड दिली. त्याने क्लाउडवर एक अहवाल तयार करून दिला. त्यात रोजच्या पावसाचा एक उभा निळा खांब दिसे. गावातले लोक आपल्या मोबाईलवर तो अहवाल उघडत आणि काल किती पाऊस झाला ते बघत.

क्लाउड म्हणजे ढग. पण पावसाच्या ढगाशी त्याचे काही नाते नाही बरं का! कुठेतरी दूर मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. त्यांच्यावर आपली माहिती ठेवायची आणि इंटरनेटवरून ती कुठूनही बघायची, याला क्लाउड म्हणतात. आमचा अहवाल असा दूरच्या संगणकावर होता, आणि फाईल मात्र शाळेच्या लॅपटॉपवर, आमच्या कपाटात! रोज सकाळी साडेनऊला अहवाल लॅपटॉपकडून ताजे आकडे मागून घेई आणि नवा खांब उभा करी.

तीन आठवडे सगळे छान चालले. आणि मग आला तो सोमवार.

सकाळपासून रपरप पाऊस पडत होता. मी छत्री मिटतो न मिटतो तोच एका विद्यार्थ्याचे आजोबा वऱ्हांड्यात आले. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात मोबाईल.

“गुरुजी,” ते म्हणाले, “तुमचा पाऊस काऊन थांबला जी? आमच्या बांधीत त पाणी मावत नाही, आन् तुमच्या मोबाईलात गुरुवारपासून थेंब नाही!”

सारी मुले खो खो हसली. मीही हसलो. मग अहवाल उघडून बघतो तो काय? आजोबांचे म्हणणे अगदी खरे होते. गुरुवारच्या खांबापुढे सगळे कोरे. शुक्रवार नाही, शनिवार नाही, रविवार नाही, सोमवारही नाही!

हसू थांबले. कुणीतरी हळूच म्हणाले, “गुरुवारी लॅपटॉपवर तोच बसला होता.” आणि सगळ्यांच्या माना मागच्या रांगेकडे वळल्या.

तिथे सातवीतला एक मुलगा बसला होता. त्याचे नाव मी सांगणार नाही. गुरुवारी दुपारी ‘पाऊस’ची फाईल शोधता शोधता त्याने चुकून शेजारचा फोल्डर उघडला होता. त्यात मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी होत्या. मी पाहिले आणि त्याला फाईल बंद करायला सांगितले. एवढेच घडले होते. पण वर्गाला तेवढे पुरले.

“मी काई नाही केलो जी, गुरुजी!” तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

आणि मित्रांनो, आता ती जागा आली. मी त्या वेळी काय म्हणायला हवे होते? “थांबा, आधी बघू तर खरे काय झाले ते.” पण मी तसे म्हटले नाही. मी त्याला विचारले, “नीट आठव, कुठले बटण दाबलेस?” म्हणजे काय झाले? त्यानेच बिघडवले, असे मी न बोलता मान्य करून टाकले. तो खाली मान घालून बसला. मधल्या सुट्टीत खिचडी घ्यायलासुद्धा उठला नाही.

मग सहावीतली एक मुलगी पुढे आली. रविवारी शाळा बंद असतानाही शेजारच्या आपल्या घरातून येऊन पाऊस मोजून जाणारी ती हीच. तिने साधा प्रश्न विचारला, “गुरुजी, मशीन काय म्हणते ते वाचलं का?”

मी वाचले नव्हते! पडद्यावर लाल अक्षरे दिसली की आपण घाबरतो आणि ती खिडकी झटकन बंद करतो. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून द्यावी आणि आपण ती न वाचताच चुरगाळून फेकावी, तसलाच हा प्रकार.

आम्ही मित्राला फोन लावला. अहवालात ‘नवे आकडे कधी आणले’ याची यादी कुठे असते, ते त्याने सांगितले. यादीत गुरुवारपर्यंत सगळे ठीक होते. शुक्रवारपासून रोज लाल खूण, आणि प्रत्येक खुणेपुढे एकच इंग्रजी वाक्य. आम्ही ते अक्षर न् अक्षर फळ्यावर उतरवले. त्यात दोन शब्द महत्त्वाचे होते : ‘इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स’. शब्दकोश काढला. क्रेडेन्शियल्स म्हणजे ओळख पटवणारी कागदपत्रे; संगणकाच्या बाबतीत नाव आणि पासवर्ड. इनव्हॅलिड म्हणजे न चालणारी. म्हणजे संगणक म्हणत होता, “तुम्ही सांगता ते नाव आणि पासवर्ड मला पटत नाहीत.”

अरेच्चा! यात फाईल बिघडल्याचा शब्दही नव्हता.

आता थोडे थांबू आणि एक गंमत समजून घेऊ. ताडोबाचे जंगल आमच्याच जिल्ह्यातले. 1955 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे शेजारचे अंधारी अभयारण्य जोडून 1995 मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वाघ बघायला गेलात, तर दारावर काय होते? पहिला प्रश्न : तुम्ही कोण? ओळखपत्र दाखवा. दुसरा प्रश्न : तुम्हाला परवानगी कशाची? आरक्षण मोहर्लीच्या दाराचे असेल, तर कोलाऱ्याच्या दारातून आत सोडणार नाहीत. मग ओळखपत्र कितीही खरे असो! आत गेल्यावरही वाटेल तिथे उतरून भटकायची मुभा नसते. आणि एक तिसरी गोष्ट : पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर जंगलाचा गाभ्याचा भाग पर्यटकांना बंदच. म्हणजे परवानगीला मुदतही असते.

संगणकाचे अगदी असेच आहे. तो आधी विचारतो, ‘तू कोण?’ हे झाले लॉगिन. मग विचारतो, ‘तुला इथे काय करायची मुभा आहे?’ ही झाली परवानगी. पुष्कळदा आपण या दोन प्रश्नांचा गोंधळ करतो आणि भलत्याच ठिकाणी दुरुस्ती करत बसतो. परवानगी अडली असताना दहा वेळा पासवर्ड बदलला, तर काय उपयोग? इंटरनेटवर तुम्ही कधी 401 किंवा 403 असे आकडे पाहिले असतील. 401 म्हणजे ‘तुझी ओळख पटली नाही.’ 403 म्हणजे ‘तू कोण ते असो, इथे तुला मुभा नाही.’ आणि 404 म्हणजे ‘तू मागतोस ते इथे सापडत नाही.’ हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. अर्धे निदान तिथेच होते.

आता पुन्हा आमच्या वर्गात या. ओळख पटत नाही, हे कळले. पण कुणाची? आणि का?

मित्राने फोनवर समजावले, “दूरच्या अहवालाला तुमच्या कपाटातली फाईल थेट दिसत नाही. म्हणून आपण लॅपटॉपवर गेटवे नावाचा एक छोटा प्रोग्रॅम ठेवला आहे. तो निरोप्या आहे.”

हा निरोप्या मोठा गमतीचा! घराचे दार उघडे ठेवून बाहेरच्यांना आत घेण्याऐवजी तोच बाहेर जातो आणि विचारतो, “आमच्यासाठी काही निरोप?” अहवालाने म्हटले, “पावसाचे आकडे हवेत,” की तो घरी येतो, पेटी उघडतो, आकडे उतरवतो आणि नेऊन देतो. पेटी उघडायला त्याच्यापाशी एक किल्ली, म्हणजे नाव आणि पासवर्ड, साठवून ठेवलेला असतो. लॅपटॉप बंद असेल किंवा इंटरनेट नसेल, तर बिचारा निरोप्या काहीच करू शकत नाही. पॉवर बीआयसारख्या अहवाल बनवायच्या प्रोग्रॅममध्ये गेटवे असाच चालतो.

“गेटवेमध्ये कुठली किल्ली साठवली आहे?” मी विचारले.

“तुमच्याच ‘शाळा’ खात्याची.”

मित्राने मग विचारले, “शेवटचे कधी चालले? आणि त्यानंतर तुमच्याकडे काय बदलले?”

मी खिशातली डायरी काढली. गुरुवार, संध्याकाळ. माझ्याच हाताने लिहिलेले होते : ‘मुलांसाठी वेगळे खाते उघडले. शाळा खात्याचा पासवर्ड बदलला.’

वर्ग एकदम शांत झाला. मला तर जमीन दुभंगून आत घेईल तर बरे, असे वाटले. वजनाच्या नोंदी पुन्हा कुणाच्या हातून चुकून उघडू नयेत, म्हणून मीच मुलांना ‘मुले’ नावाचे नवे खाते करून दिले होते आणि जुन्याचा पासवर्ड बदलला होता. कुलूप नवे घातले, पण निरोप्याला नवी किल्ली द्यायला विसरलो! तो बापडा शुक्रवारपासून रोज सकाळी जुनी किल्ली घेऊन येत होता आणि दारातूनच परत जात होता.

मी मागच्या रांगेपाशी गेलो. “बाळा, तू काहीच बिघडवले नव्हतेस,” मी म्हणालो. “मी बिघडवले, आणि वर तुलाच विचारत बसलो. माझी चूक झाली.” हे मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, कारण त्याच्याकडे बोट दाखवले गेले तेही सगळ्या वर्गासमोरच. तो काही बोलला नाही. पण थोड्या वेळाने उठून लॅपटॉपजवळ येऊन उभा राहिला.

आता किल्ली बदलायची. मी म्हटले, “सोपे आहे. गेटवेला ‘शाळा’ खात्याचा नवा पासवर्ड देऊन टाकू.” मित्र म्हणाला, “थांबा! त्या खात्याने काय काय उघडते?” मी म्हणालो, “सगळेच. हजेरी, वजन, पालकांचे फोन नंबर.” “मग फक्त पावसाचे आकडे नेणाऱ्या निरोप्याला सगळ्या घराची किल्ली कशाला?”

मुद्दा बिनतोड होता. पाणी भरायला येणाऱ्याला आपण विहिरीची वाट दाखवतो, धान्याच्या कोठीची किल्ली देत नाही. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये संगणकाच्या सुरक्षेबद्दल एक लेख लिहिला. त्यात हेच तत्त्व सांगितले आहे : ज्याला जेवढ्या कामासाठी लागते, तेवढीच मुभा त्याला द्यावी. जास्त नाही.

मग आम्ही ‘वाचक’ नावाचे तिसरे खाते उघडले आणि गेटवेमध्ये त्याचे नाव आणि पासवर्ड भरला. ‘आकडे आण’चे बटण दाबले. सगळ्यांनी श्वास रोखला...

पुन्हा लाल अक्षरे!

पण या वेळी कुणी घाबरले नाही. मागच्या रांगेतला तो मुलगाच वाचू लागला, “ॲक्सेस... डि... डिनाइड.” शब्दकोश निघाला. ॲक्सेस म्हणजे आत जाण्याची वाट. डिनाइड म्हणजे नाकारली. “गुरुजी,” तो म्हणाला, “आता ओळख पटली. परवानगी नाही!”

शाबास! ताडोबाच्या दारावरचा दुसरा प्रश्न. ‘वाचक’ कोण हे लॅपटॉपला पटले होते, पण ‘पाऊस’ फोल्डर उघडायची मुभा त्याला आम्ही दिलीच नव्हती. लाल अक्षरे बदलली, म्हणजे आपण एक पाऊल पुढे आलो, हे लक्षात ठेवा. चूक बदलणे हीसुद्धा प्रगतीच असते!

आणि इथे मला मोह झाला. मधली सुट्टी केव्हाच संपली होती. बाहेर आजोबांसारखे दोघे-तिघे जमले होते. परवानगीच्या खिडकीत एक सोपी वाट असते : ‘एव्हरीवन’, म्हणजे सगळे, असे नाव लिहायचे आणि ‘फुल कंट्रोल’, म्हणजे पूर्ण ताबा, या चौकटीत खूण करायची. तीही एकदम सगळ्यात वरच्या फोल्डरला. एका क्षणात सगळे सुरू! मी तसे बोलूनही दाखवले.

तोच त्या सहावीतल्या मुलीने विचारले, “मंग आमचं वजन बी सगळ्याईले दिसन का जी?”

माझा हात थांबला. त्या लॅपटॉपवर जो कुणी बसेल, त्याला वजनाच्या नोंदी दिसल्या असत्या, बदलता आल्या असत्या, पुसताही आल्या असत्या. कुणाचे वजन कमी, कुणाचे जास्त, हे चिडवायला किती सोपे असते ते तुम्हाला माहीतच आहे. आपल्या देशात 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती घ्यावी, असा नियम सांगितला आहे. पण कायदा नसता, तरी त्या मुलीचा प्रश्न पुरेसा होता. किल्ली सापडत नाही म्हणून कुणी भिंत पाडत नाही!

मग आम्ही नीट वाट धरली. ‘पाऊस’ फोल्डरवर उजवी कळ दाबली. प्रॉपर्टीज, तिथून सिक्युरिटी. नावांच्या यादीत ‘वाचक’ जोडले आणि त्याच्यापुढे फक्त वाचायची मुभा दिली. लिहायची नाही, पुसायची नाही. ‘मुले’ खात्याला त्या फोल्डरमध्ये वाचायची आणि लिहायची मुभा आधीच होती. वजनाच्या फोल्डरला दोघांपैकी कुणालाच नाही. पुन्हा बटण दाबले. लाल खुणेच्या जागी हिरवी खूण आली. आणि अहवालात एकदम चार खांब उभे राहिले! शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. एकही थेंब हरवला नव्हता, कारण मुलांनी रोज वहीत लिहिले होते आणि फाईलमध्येही भरले होते. अडला होता तो फक्त निरोप्या.

आजोबांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. “हां,” ते म्हणाले, “आता पडला पाऊस!”

मुलांनो, अशी फजिती थोरामोठ्यांचीही झाली आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 1961 मध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांनी एक नवी पद्धत लोकांना दाखवली. एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा. मग एकाच्या फाईलमध्ये दुसऱ्याने डोकावू नये म्हणून त्यांनी प्रत्येकाला पासवर्ड दिला. संगणकावरच्या पासवर्डची सुरुवात साधारण इथूनच धरतात. प्रत्येकाला वेळही ठरवून दिलेला होता. ॲलन शेर नावाच्या संशोधकाला तो वेळ पुरेना. 1962 मध्ये त्यांनी काय केले? सगळ्यांच्या पासवर्डची फाईल संगणकाकडूनच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने काम चालू ठेवले! ही गोष्ट त्यांनी पुष्कळ वर्षांनी कबूल केली.

पुढची गंमत तर याहून मोठी. काही वर्षांनी त्याच संगणकावर एकदा दोन फाईलींची अदलाबदल झाली. एक होती ‘आजचा निरोप’, जी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला दिसे. दुसरी पासवर्डची! झाले, त्या दिवशी जो येईल त्याच्यापुढे सगळ्यांचे पासवर्ड झळकू लागले. आणि गुन्हेगार कोण? कुणीच नाही. दोघे जण एकाच वेळी एकाच फोल्डरमध्ये फाईली दुरुस्त करत होते. प्रोग्रॅमने दोघांच्या कच्च्या फाईलींना एकच नाव दिले, म्हणून सारा घोळ झाला. कॉर्बाटो यांना संगणकशास्त्रातला मोठा मानाचा ट्युरिंग पुरस्कार 1990 चा मिळाला. त्यानिमित्ताने दिलेल्या भाषणात त्यांनी आपल्या संगणकाची ही फजिती स्वतःच सांगितली. माणूस शोधून त्याच्यावर बोट ठेवण्यापेक्षा कारण शोधणे त्यांना महत्त्वाचे वाटले. मला ती समज सोमवारच्या मधल्या सुट्टीनंतर आली, एवढाच फरक!

तर तुमच्या शाळेत, घरी किंवा ताईच्या ऑफिसच्या कामात असा अडथळा आला, तर या क्रमाने जा :

1. संदेश पूर्ण वाचा. वहीत उतरवा. शब्द अडला तर शब्दकोश काढा.

2. शेवटचे कधी चालले आणि त्यानंतर काय बदलले, ते विचारा. ‘कोणी केले?’ हा प्रश्न बाजूला ठेवा.

3. फाईल ज्या संगणकावर आहे तो चालू आहे का, इंटरनेट आहे का, ते बघा.

4. फाईलचे नाव किंवा जागा बदलली आहे का, ते बघा. पेटीच दुसऱ्या खोलीत नेली, तर निरोप्याला ती सापडणार कशी?

5. ओळख पटत नसेल, तर जुना पासवर्ड कुठे साठवलेला आहे ते शोधा आणि तिथे नवा द्या. पासवर्ड एका जागी बदलला की तो सगळीकडे आपोआप बदलत नाही.

6. फाईलही क्लाउडवरच असेल, तर तुम्ही कुठल्या खात्याने आत गेला आहात ते बघा. घरात एकाच मोबाईलवर आईचे आणि दादाचे अशी दोन खाती असतात. परवानगी एकाला आणि दार ठोठावणारा दुसरा, असे हमखास होते!

7. ओळख पटली आणि तरी अडले, तर परवानगी बघा. मालकाकडे परवानगी मागा. वाचण्यापुरते काम असेल तर वाचण्याचीच मागा.

8. काम झाले तरी ‘सगळ्यांना मुभा’ देऊन ठेवली नाही ना, ते शेवटी एकदा तपासा.

आणि पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, जिवलग मित्रालाही नाही. मित्राला फाईल बघायची असेल तर त्याच्या खात्याला परवानगी द्या. आपली किल्ली देऊ नका. मोबाईलवर आलेला ओटीपीही कुणाला सांगायचा नसतो, हे घरातल्या मोठ्यांनाही बजावा. ते विसरतात. मी विसरतो, तर तेही विसरणारच!

त्या दिवसापासून आमच्या वर्गात लॅपटॉपशेजारी एक पाठकोरी वही टांगलेली आहे. जो कुणी लॅपटॉपवर काही बदल करील, त्याने त्यात तारीख, वेळ आणि काय बदलले ते लिहायचे. पहिली नोंद माझी आहे, गुरुवारची, उशिराने केलेली. त्याखालची नोंद मागच्या रांगेतल्या त्या मुलाने लिहिली आहे : ‘सोमवार. वाचक खात्याला पाऊस फोल्डर वाचायची परवानगी दिली. पाऊस सुरू झाला.’

आता तुमची पाळी! घरातल्या किंवा शाळेतल्या एखाद्या संगणकावर मोठ्यांना विचारून एवढेच बघा : किती खाती आहेत, आणि कुठल्या खात्याला कुठल्या फोल्डरची मुभा आहे? वहीत तीन रकाने पाडा : कोण, कुठे, आणि काय करू शकतो. काही बदलू नका, फक्त लिहा. एखाद्याला कामापेक्षा जास्त मुभा आहे असे आढळले, तर मोठ्यांना सांगा आणि मलाही पत्राने कळवा. पत्रात पासवर्ड मात्र लिहू नका हं!

पुढच्या अंकात भेटू. तोवर तुमच्याकडे किती मिलिमीटर पाऊस पडला, तेही मोजून ठेवा.

तुमचा,
गुरुजी